लिनक्स घेतलं, आता अँटिव्हायरस लागतो का?

माणदेशी_मास्तर
राम राम मंडळी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि माझा जुना लॅपटॉप काही ११ घ्यायला तयार नाही. दिवाळीत भाचा आला होता, त्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. मशीन आता चांगलं पळतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण जाताना "मामा, लिनक्सला व्हायरस लागत नाही, बिनधास्त राहा" असं म्हणून गेला, ते काही पचनी पडेना.

विंडोजवर दर वर्षी न चुकता अँटिव्हायरस रिन्यू करायचो. इथे कोपऱ्यात नुसतं एक ढालीचं चित्र. मेनूत 'फायरवॉल' सापडली, उघडून पाहिली तर चक्क बंद. पेन्शनचं खातं, वीजबिल, नातीच्या शाळेची फी, सगळं याच मशीनवर होतं. तर अँटिव्हायरस घालू का? फायरवॉल चालू करू का? आणि ज्याचं पोट कुणीही उघडून बघू शकतो अशा फुकटच्या सॉफ्टवेअरवर पेन्शन सोपवावी का? मास्तरला समजेल अशा भाषेत सांगा.

शेंगदाणा
वाचतोय. जागा धरून ठेवतो.

खटपट्या
मास्तर, भाचा बारा आणे बरोबर आहे.

विंडोजवर आपण काय करायचो? गूगलवर नाव टाकायचं, पहिली लिंक उघडायची, एक्सई उतरवायची, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश. घाण यायची ती त्या वाटेने. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजरमधून काही घेतलंत की ते बहुतेक वेळा मिंटच्या किंवा उबुंटूच्या भांडारातून येतं. त्या भांडाराच्या यादीवर डिजिटल सही असते आणि यादीत प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. वाटेत कुणी अदलाबदल केली तर ठसा जुळत नाही आणि एपीटी, म्हणजे पॅकेज बसवणारं साधन, ते पॅकेज घेतच नाही. अँटिव्हायरसवर खर्च करू नका, त्या पैशात नातीला आइस्क्रीम द्या.

रूट_कॉज
उरलेले चार आणेच महागात पडतात, खटपट्याराव.

मी दिवसभर सर्व्हर सांभाळतो. "लिनक्सला व्हायरस लागत नाही" हे वाक्य ऐकलं की अंगावर काटा येतो. चोराला हल्ली तुमची सिस्टिम नकोच असते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, लॉगिनच्या कुकीज, घरच्या फोल्डरमधल्या पीडीएफ, एवढं मिळालं की त्याचं भागतं. आणि हे सगळं वाचायला रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकार, लागत नाही. तुमच्या लॉगिनखाली चालणारा कुठलाही प्रोग्राम तुमचं होम फोल्डर वाचू शकतो.

दुसरं म्हणजे चुका इथेही निघतात. जानेवारी २०२२ मध्ये 'पॉनकिट' उघडकीला आलं. पीकेएक्झेक नावाच्या एका साधनातली चूक. जवळजवळ प्रत्येक डिस्ट्रोमध्ये (मिंट, उबुंटू अशा लिनक्सच्या प्रकारांत), २००९ पासून बसलेली. मशीनवर साधं खातं असलेला माणूस तिच्या जोरावर थेट रूट होऊ शकत होता. दुरुस्ती लगेच आली, ज्यांनी अपडेट केलं ते सुटले. ज्यांनी "नंतर बघू" म्हटलं ते बसले.

मास्तर, ती कोपऱ्यातली ढाल म्हणजे अपडेट मॅनेजर. तिच्यावर ठिपका आला की दाबायचं. रोज लक्षात राहणार नसेल तर ती उघडून एडिट, प्रेफरन्सेस, ऑटोमेशन इथे जा आणि अपडेट आपोआप होऊ द्या. बाकी सगळं सोडलंत तरी एवढं करा.

चिंगी
मग ते क्लॅमएव्ही काय प्रकरण आहे? तो अँटिव्हायरसच ना?

बॅलन्सशीट
आहे. मी वापरते, पण स्वतःसाठी नाही. माझे क्लायंट पेनड्राइव्ह घेऊन येतात, त्यांच्याकडे विंडोज. त्या पेनड्राइव्हमध्ये काय काय वस्ती करून असतं ते विचारू नका. मला त्याने काही होत नाही, पण तोच पेनड्राइव्ह मी दुसऱ्याला दिला तर नाव माझं जाईल. म्हणून क्लॅमस्कॅन फिरवते. ते मुख्यतः मेल सर्व्हरवर, येणाऱ्या टपालातली विंडोजची घाण गाळायला वापरतात. व्हायरस ओळखायच्या ताज्या खुणांसाठी फ्रेशक्लॅम चालवायचं.

एक मात्र सांगते, ते सतत चालू ठेवायच्या भानगडीत पडू नका. त्याची पार्श्वभूमीवर चालणारी सेवा एक जीबीच्या वर रॅम खाते. मास्तरांच्या लॅपटॉपला ४ जीबी असेल तर आत्ताच आलेलं तारुण्य परत जाईल.

खटपट्या
+१. म्हणजे मी म्हणालो तेच.

बॅलन्सशीट
तेच नाही. पुढे ऐका. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन असतं ना, त्याचा लिनक्स ड्रायव्हर एका पुरवठादाराच्या माणसाने मला पेनड्राइव्हवर आणून दिला, नुसती एक डेब फाइल. "मॅडम, डबल क्लिक करा, पासवर्ड टाका." इथे कुठे गेलं तुमचं भांडार आणि सही? मी नाही टाकली. त्यांच्या साइटवरून घेतली, तीही वेगळ्या लॅपटॉपवर.

रूट_कॉज
उत्तम केलंत. लोकांना वाटतं डेब म्हणजे झिपसारखं गाठोडं. त्यात इन्स्टॉल होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट असतात आणि त्या रूट म्हणून चालतात. तुम्ही पासवर्ड टाकला की त्या स्क्रिप्टला घरभर मोकळं रान. कुणाच्याही हातची डेब म्हणजे कुणाच्याही हातची एक्सईच, फरक शून्य. नेटवरच्या ट्युटोरियलमध्ये "ही एक ओळ टर्मिनलमध्ये चिकटवा" म्हणून नेटवरून काहीतरी उतरवून रूटच्या अधिकाराने चालवणारी (सुडोसकट कर्लची) ओळ देतात, तिचंही तेच.

निद्रानाश
भांडाराचं कौतुक चाललंय म्हणून एक आठवण. मुळात ज्या आयएसओवरून, म्हणजे इन्स्टॉलच्या फाइलवरून, मिंट टाकलं ती कुठून आली?

२० फेब्रुवारी २०१६ ला मिंटचीच वेबसाइट फोडली होती. वर्डप्रेसमधून आत शिरले आणि १७.३ सिनॅमनच्या आयएसओची लिंक बदलून मागचं दार घातलेली आयएसओ लोकांना दिली. त्या दिवशी ज्याने ती उतरवून टाकली, त्याच्या मशीनला पहिल्या मिनिटापासून दुसरा मालक होता. फोरमचा डेटाबेसही गेला. मिंटवाल्यांनी लपवलं नाही, दुसऱ्या दिवशी ब्लॉगवर सगळं सांगितलं, हे त्यांच्या बाजूने.

म्हणून आयएसओ उतरवल्यावर चेकसम (फाइलचा ठसा) तपासायचाच. पण तो चेकसम त्याच साइटवर असेल तर चोर तोही बदलू शकतो. चेकसमच्या (शा-२५६) यादीसोबत डिजिटल सहीची (जीपीजी) फाइल देतात, ती तपासायची. अर्धे लोक ही पायरी गाळतात, कारण कंटाळवाणी आहे.

चिंगी
अर्धे? मी तरी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

अंबरनाथ_लोकल
भाच्याने केली असेल का, मास्तर?

माणदेशी_मास्तर
भाच्याने कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून टाकलं. मित्राचा होता म्हणे.

निद्रानाश
🤦

कॅलिफोर्नियातला_कोकणी
मास्तरांचा तिसरा प्रश्न कुणीच घेतला नाही. कुणीही उघडून बघू शकतो म्हणजे धोका की फायदा? एक्सझेडची गोष्ट सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जावं.

एक्सझेड म्हणजे फायली दाबून लहान करणारं साधन. छोटं, पण जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असतं. सांभाळणारा एकटा माणूस, लासे कॉलिन, तोही स्वतःच्या वेळात. २०२१ मध्ये 'जिया टॅन' नावाने कुणीतरी दुरुस्त्या पाठवायला लागलं. चांगल्या, उपयोगी दुरुस्त्या. २०२२ मध्ये मेलिंग लिस्टवर आणखी नवी नावं उगवली, त्यातलं एक 'जिगर कुमार'. त्यांनी कॉलिनमागे धोशा लावला, काम रखडलंय, दुसऱ्या कुणाच्या हाती द्या. शेवटी जिया टॅनला प्रकल्पात अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ५.६.० आवृत्ती आली आणि तिच्यात मागचं दार होतं.

ते लपवलं कसं ते बघा. गिटमध्ये, म्हणजे कोडच्या कोठारात, सगळ्यांसमोर जो कोड होता तो वाचून काही कळलं नसतं. मुख्य माल चाचणीसाठीच्या म्हणून ठेवलेल्या दाबलेल्या फायलींत होता आणि तो बाहेर काढणारी ओळ फक्त प्रकाशित टारबॉलमधल्या (कोडच्या गाठोड्यातल्या) एका बिल्ड फाइलमध्ये. डेबियन, फेडोरासारख्या डिस्ट्रोंचे लोक टारबॉल घेऊन बांधणी करतात. बांधणी होताना तो माल लायब्ररीत मिसळायचा आणि तिथून एसएसएचच्या (दुरून मशीनवर लॉगिन करायच्या सोयीच्या) सर्व्हरपर्यंत पोचायचा. ज्याच्याकडे योग्य किल्ली, तो पासवर्डशिवाय आत.

पकडलं कुणी, तर अँड्रेस फ्रॉइंड. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा मायक्रोसॉफ्टचा इंजिनिअर. सुरक्षा हा त्याचा विषयही नाही. डेबियनच्या अस्थिर शाखेवर तो वेगाच्या चाचण्या घेत होता. एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, प्रोसेसर एवढा का तापतोय, म्हणून खोदत गेला. २९ मार्च २०२४ ला त्याने जाहीर केलं.

मास्तर, तुम्ही घाबरू नका. त्या आवृत्त्या डेबियनच्या स्थिर शाखेत किंवा मिंटमध्ये पोचल्याच नव्हत्या. सगळ्यात नवं हवं म्हणणारे लोक त्यात सापडले.

शेंगदाणा
अर्धा सेकंद उशीर झाला म्हणून शोध घेणारा माणूस! आमच्या ऑफिसात सर्व्हर अर्धा तास झोपतो तेव्हा आम्ही चहाला जातो.

अंबरनाथ_लोकल
जिगर कुमार वाचून उगाच मान खाली गेली.

कॅलिफोर्नियातला_कोकणी
कशाला? ती नावं बनावटच असावीत असा बहुतेकांचा कयास. मागे कोण होतं ते आजवर सिद्ध झालेलं नाही.

खटपट्या
पण बघा ना, उघडं होतं म्हणूनच सापडलं. बंद सॉफ्टवेअरमध्ये अर्धा सेकंद जास्त लागला असता तर फ्रॉइंड काय खोदणार होता?

रूट_कॉज
मान्य, पण अर्धंच. दार उघडं असणं वेगळं आणि कुणी आत डोकावणं वेगळं. ओपनएसएसएल या नेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या लायब्ररीतली 'हार्टब्लीड' ही चूक मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून होती, कळली एप्रिल २०१४ मध्ये. एका विनंतीत सर्व्हरच्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा बाहेर यायचा आणि लॉगमध्ये मागमूस नाही. दोन वर्षं कोड जगासमोर होता. अर्धं इंटरनेट ज्यावर उभं, तो प्रकल्प मोजकी माणसं चालवत होती. गर्दीच्या भरवशावर राहिलं की आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं.

तरी पेन्शन मी लिनक्सवरच सोपवीन. चूक निघाली की झाकत नाहीत, दुरुस्ती लवकर येते आणि ती कुणी केली, कधी केली, काय बदललं हे मला वाचता येतं.

प्रेसवाले_काका
विषय चांगला चाललाय. माझा एक अवांतर प्रश्न. आमचं छपाईचं काम. जुनं मराठी डीटीपी सॉफ्टवेअर आहे, युनिकोडच्या आधीचे फाँट, गिऱ्हाईक अजून त्याच फायली आणतं. ते मी वाइनमधून लिनक्सवर चालवतो. तिथे विंडोजचा व्हायरस लागतो का?

निद्रानाश
लागतो, काका. वाइनचं कामच ते की एक्सईला वाटावं आपण विंडोजवर आहोत. व्हायरसलाही तसंच वाटतं. आणि वाइन नेहमीच्या मांडणीत झेड नावाचा ड्राइव्ह दाखवतं, तो म्हणजे तुमची आख्खी डिस्क. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारी एक्सई वाइनमध्ये चालली तर झेडमधून तुमच्या होम फोल्डरपर्यंत सरळ रस्ता आहे. वाइनच्या सेटिंगमध्ये ड्राइव्ह्ज आहे, तिथून झेड काढून टाका. तीही पक्की भिंत नव्हे, म्हणून डीटीपीसाठी वेगळं युजर खातंच करा, ज्यात दुसरं काही नाही. आणि क्रॅक केलेली प्रत असेल तर... जाऊ द्या, विचारत नाही.

प्रेसवाले_काका
विचारू नकाच 😄

बॅलन्सशीट
काका, लग्नपत्रिका छापता ना? हल्ली पत्रिकाही व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके म्हणून येतात. "आमंत्रण.एपीके". उघडली की फोनचे एसएमएस, म्हणजेच ओटीपी, दुसरीकडे जायला लागतात. वाहतूक चलनाच्या नावानेही येतात. मास्तर, लॅपटॉप किल्ल्यासारखा केलात आणि ओटीपी फोनवरून गेला तर काय उपयोग? अँड्रॉइडच्या पोटातही लिनक्सच आहे, पण भांडाराबाहेरून घेतलं की तिथेही हाच प्रकार. पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, पहिल्या काही तासांत रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

चिंगी
हा धागा वाचून उत्साहाच्या भरात आरकेहंटर, म्हणजे लपलेली घुसखोरी शोधणारं साधन, चालवलं. लाल अक्षरांत वॉर्निंग! म्हणे 'एलडब्ल्यूपी-रिक्वेस्ट' ही कमांड काढून तिच्या जागी स्क्रिप्ट ठेवलीय. शिवाय लपवलेल्या फायली सापडल्या. मी वाय-फाय बंद करून फोनवरून लिहितेय. कुणीतरी सांगा.

रूट_कॉज
वाय-फाय चालू करा. ती कमांड मुळातच पर्ल भाषेतली स्क्रिप्ट आहे, ही वॉर्निंग पुष्कळांना येते. लपवलेली फाइल ईटीसी फोल्डरमधली डॉट जावा असेल, तीही निरुपद्रवी. आरकेहंटरची शेवटची आवृत्ती २०१८ ची आहे. ते ज्याने मुळात लिहिलं त्या मायकेल बोएलननेच पुढे लिनिस काढलं. ते चालवा. ते चोर शोधत नाही, घराच्या कड्याकोयंडे तपासून १०० पैकी गुण देतं आणि सुधारणा सुचवतं. त्यातल्या निम्म्या सूचना सर्व्हरसाठी असतात, घरच्या लॅपटॉपला ६०-६५ आले तरी रडायचं कारण नाही.

चिंगी
६३ 🙂 वाय-फाय चालू केलं.

शेंगदाणा
मास्तरांनी आता पास-नापास सांगावं.

माणदेशी_मास्तर
फर्स्ट क्लास आहे.

मंडळी, एवढं वाचून जे उमगलं त्याप्रमाणे कामाला लागलो. अपडेट आपोआप केलं. फायरवॉल चालू केली, प्रिंटर चालतोय. पण लॅपटॉपवरून बायकोच्या लॅपटॉपवर फोटो पाठवायला वॉर्पिनेटर होतं, ते मुकं झालं. एकमेकांना दिसतच नाहीत.

खटपट्या
फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवते, वॉर्पिनेटरही त्यात आलं. त्याला ४२००० आणि ४२००१ ही दोन पोर्ट (नेटवर्कची दारं) लागतात. दोन्ही लॅपटॉपवर फायरवॉलच्या नियमांत ती तेवढी आत येऊ द्या, फक्त घरच्या नेटवर्कपुरती. खरं सांगायचं तर घरच्या राउटरमागे बसलेल्या लॅपटॉपला फायरवॉलचा फार मोठा फायदा नाही. एसटी स्टँडवरच्या किंवा लॉजच्या वाय-फायवर आहे.

रूट_कॉज
चालू राहू दे, नुकसान नाही. ज्यांनी भाड्याचा सर्व्हर घेतलाय त्यांनी मात्र नुसत्या फायरवॉलवर थांबू नका. नवा सर्व्हर चालू करून काही वेळाने लॉग उघडा, रूट, अ‍ॅडमिन, टेस्ट, ओरॅकल अशा नावांनी दार ठोठावणारे दिसतील. तुम्हाला कुणी ओळखत नाही तरी येतात, सगळ्या पत्त्यांवर फिरणारे बॉट असतात. पासवर्डने लॉगिन बंदच करा, किल्ली वापरा, वर फेल-टू-बॅन, म्हणजे वारंवार चुकणाऱ्याला अडवणारं साधन.

निद्रानाश
बॅकअप कुणीच काढला नाही, म्हणजे विषय काढला नाही. मास्तर, मिंटमध्ये टाइमशिफ्ट आहे. ते चालू आहे म्हणून "माझे फोटो सुरक्षित" असा समज करून घेऊ नका. ते सिस्टिमचं छायाचित्र घेतं, होम फोल्डर नेहमीच्या मांडणीत त्यात नसतं. अपडेट फसलं तर मागे जायला ते. फोटो, पीडीएफ यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर वेगळी, आणि प्रत झाली की डिस्कची वायर काढून ठेवायची. लावून ठेवली तर जे लॅपटॉपला होईल ते तिलाही होईल.

बॅलन्सशीट
आणि पासवर्ड केपासएक्ससी या पासवर्डच्या तिजोरीत. डायरीत लिहिलेत तरी चालेल मास्तर, चोर आटपाडीला येऊन डायरी चाळणार नाही. सगळीकडे एकच ठेवू नका म्हणजे झालं.

माणदेशी_मास्तर
डायरीच बरी. आता एक शेवटचं. वरच्या पट्टीत ढालीशेजारी एक निळं चिन्ह आहे, त्यावर बोट ठेवलं की रस्टडेस्क दिसतं. भाचा म्हणाला होता की काही अडलं तर मी पुण्यातून तुमच्या लॅपटॉपवर येऊन करून देईन. ते राहू दे ना?

रूट_कॉज
मास्तर!! हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

तो प्रोग्राम वाईट नाही, मुक्तस्रोतच आहे. पण उघडून बघा, त्यात कायमचा पासवर्ड घातलाय का? घातला असेल तर तो पासवर्ड ज्याच्याकडे, तो तुम्ही झोपेत असताना पेन्शनच्या खात्यासमोर बसू शकतो. आणि तुमची नवी फायरवॉल त्याला अडवणार नाही, कारण आतला प्रोग्राम स्वतः बाहेर फोन लावून लाइन धरून बसलेला असतो. फायरवॉल बघते बाहेरून कोण येतंय.

माणदेशी_मास्तर
आहे. भाच्यानेच सांगितला होता. मिंट१२३.

अंबरनाथ_लोकल
मास्तर, तो इथे सगळ्यांसमोर लिहायचा नव्हता 😂

निद्रानाश
आयडी तर नाही ना लिहिला? वाचलात. आत्ता बदला.

खटपट्या
बदलू नका, काढूनच टाका. एकदाच चालणारा पासवर्ड ठेवायची सोय आहे. अडलं की रस्टडेस्क उघडायचं, जो आकडा दिसेल तो फोनवर भाच्याला सांगायचा, काम झालं की बंद. सेवा आपोआप सुरू होते तीही थांबवा. आणि मशीन भाच्याने सेट केलंय म्हणजे लॉगिनचा पासवर्डही त्यानेच ठेवला असणार, तोही बदला. (माझे बारा आणे मी दहावर आणतो.)

माणदेशी_मास्तर
कायमचा काढला, सेवा थांबवली, लॉगिनचा बदलला. भाच्याला फोन केला तर म्हणतो, "मामा, माझ्यावर विश्वास नाही का?" त्याला म्हटलं, तुझ्यावर आहे, तुझ्या मित्राच्या पेनड्राइव्हवर नाही. रविवारी येतोय, सहीची फाइल तपासून नव्याने टाकून देणार आहे. त्याला ती कशी तपासतात ते माहीत नाही म्हणे, निद्रानाश यांनी पायऱ्या लिहून ठेवाव्यात.

निद्रानाश
लिहितो. नव्याने टाकताच आहात तर इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट करायचा पर्याय येतो, तो घ्या. नंतर करायला फार उपद्व्याप पडतात. त्याचा पासवर्ड विसरलात तर भाचा, मी, मिंटवाले, कुणीच उघडू शकणार नाही, तेवढा डायरीत नीट लिहा. आणि रविवारच्या आधी होम फोल्डरची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

माणदेशी_मास्तर
डिस्क आणायला उद्या विट्याला जातो. ५०० जीबी पुरेल का १ टीबी घेऊ?